यंत्राला आधी सांगून ठेवलेली गोष्ट

एम्प्रेस मिलचे नाव ठाऊक नाही असा नागपूरकर विरळाच. जमशेटजी टाटांनी १८७४ साली कंपनी स्थापन केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणीचे चाक फिरू लागले. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर करण्यात आले. म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस. आज तो भोंगा वाजत नाही आणि त्या जागेवर दुकानांची मोठी इमारत उभी आहे. गिरणीचा व्यापार, तिचे मालक आणि तिचे कामगार यांवर या गावात पुष्कळ बोलले गेले आहे. आम्ही आज तिच्या दारातून आत शिरणार आहोत ते यंत्रमागावरच्या एका लहानशा काट्यासाठी. हा काटा नीट समजला, म्हणजे आजच्या संगणकयुगातील एक अवघड वाटणारा विषय पुष्कळसा सोपा होतो.

हातमागावर बसलेला कोष्टी धोटा इकडून तिकडे फेकतो. आडवा धागा तुटला, तर ते त्याच्या डोळ्याला दिसते, हाताला जाणवते, आणि हात आपोआप थांबतो. पाहणारा तोच, ठरविणारा तोच आणि थांबविणारा तोच. वाफेवर चालणारा माग आला तेव्हा ही एकी मोडली. धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा धावू लागला आणि एका विणकराच्या देखरेखीखाली एकाहून अधिक माग आले. पलीकडच्या मागावर बाणा तुटला तरी माग आपला खडखडाट करीत चालूच राहायचा, आणि विणकर तेथे पोहोचेपर्यंत कापडात विटेएवढी भेग पडलेली असायची. यावर इंग्लंडमध्ये जो उपाय निघाला, तो १८४१ साली ब्लॅकबर्न येथील केनवर्दी आणि बुलो यांनी व्यवहारात पक्का करून दाखविला. मागाच्या एका बाजूस तारेचा एक हलका काटा बसवलेला असतो. आडवा धागा जागेवर असेल, तर तो काट्याला रेटून किंचित तिरका करतो आणि माग चालू राहतो. धागा नसेल, तर काटा सरळच राहतो, मागून येणाऱ्या आकड्यात अडकतो, दांडा ओढला जातो, पट्टा मोकळ्या कप्पीवर सरकतो आणि माग थांबतो. त्या काळच्या यंत्रमागांवर ही सोय सर्रास असे.

या योजनेत तीन गोष्टी आहेत. धागा तुटणे ही घटना. काटा हा त्या घटनेवर नजर ठेवणारा पहारेकरी. पट्टा सरकणे ही त्या घटनेसाठी केलेली तजवीज. यातला महत्त्वाचा मुद्दा असा की, माग थांबवावा हा निर्णय धागा तुटल्यावर कोणी घेतलेला नाही. मागाची जोडणी करणाऱ्या कारागिराने तो कितीतरी दिवस आधी घेऊन ठेवला होता. घटना घडेल तेव्हा तो कारागीर तेथे नसेल. म्हणून त्याने आपला निर्णय लोखंडात बसवून ठेवला.

संगणकशास्त्रात या तजविजीला ‘इव्हेंट हँडलर’ म्हणतात. यंत्रात दडलेल्या चिपांतील दोष शोधून काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये या तजविजी कशा करून ठेवायच्या आणि ही विद्या कोणत्या मार्गाने आपल्यापर्यंत आली, हा आमचा आजचा विषय. विषय तांत्रिक आहे, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणाही सुजाण नागरिकाचा आहे: जे यंत्र आपल्या गैरहजेरीत चालते, त्याच्या चुकीची वर्दी आपल्याला कोण देणार, आणि त्या क्षणी काय करायचे हे कोण ठरविणार?

प्रथम ही चिप म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरातील विजेचे मीटर, कपडे धुण्याचे यंत्र, दुचाकीचे इंजिन, शेतावरच्या सौरपंपाचे नियंत्रक, या प्रत्येकात नखाएवढा एक संगणक बसलेला असतो. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. गणन करणारा भाग, स्मरणाचे खण आणि बाहेरच्या तारांना जोडणारी टोके हे सर्व सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर असते. १९७१ साली इंटेल कंपनीची ‘४००४’ ही चिप बाजारात आली, १९७४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ‘टी. एम. एस. १०००’ आली आणि १९८० साली इंटेलची ‘८०५१’. तेव्हापासून हे बिऱ्हाड घराघरांत शिरले. टेबलावरच्या संगणकाला पडदा असतो, कळफलक असतो. काही बिघडले तर तो निदान दोन अक्षरे तरी दाखवितो. या चिपेला तोंड नाही. ती चुकली, तर पंप बंद पडतो, एवढेच काय ते शेतकऱ्याला कळते. का बंद पडला, हे आत पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि आत पाहायचे कसे हाच तर प्रश्न.

हा प्रश्न चिपेपेक्षा जुना आहे. १९४६ साली अमेरिकेत ‘एनिॲक’ नावाचे अवाढव्य गणकयंत्र जगापुढे आले. त्याला आज्ञा द्यायच्या त्या एका खणातून दुसऱ्या खणात तारा जोडून. गणित एका विशिष्ट जागी थांबवून आतले आकडे तपासायचे असतील, तर तेथली तार काढून घेत. गणिताचा ओघ तेथे तुटे, म्हणून त्या जागेला ‘ब्रेकपॉइंट’ म्हणू लागले. हे नाव बेटी होल्बर्टन या विदुषीकडे जाते. एनिॲकवर काम करणाऱ्या पहिल्या सहा स्त्रियांपैकी ती एक. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४९ च्या मे महिन्यात, केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स यांचे ‘एडसॅक’ सुरू झाले. आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच कार्यक्रमांतील चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव आपल्याला त्या दिवसांत झाली, असे विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. त्यांचे सहकारी स्टॅन्ले गिल यांनी १९५१ साली एक निबंध प्रसिद्ध करून, कार्यक्रम चालू असताना त्याची पावले टिपून घेणारा दुसरा कार्यक्रम कसा लिहावा ते दाखविले. थांबवून पाहणे आणि चालता चालता टिपणे, या दोन्ही वाटा अशा रीतीने पहिल्या पाच वर्षांतच पडल्या. पुढील इतिहास म्हणजे या दोन वाटा रुंद होण्याचा इतिहास होय.

तिसरी कल्पना अद्याप यावयाची होती. तोपर्यंतचे यंत्र आपल्या कामात इतके गढलेले असे की, बाहेर काही घडले तर त्याला पत्ता नसे. त्याने स्वतः थांबून विचारावे लागे. १९५४ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने बांधलेल्या ‘डायसॅक’ यंत्रात बाहेरून आलेली खूण चालू काम बाजूला ठेवायला लावू शकत असे. याला ‘इंटरप्ट’ म्हणतात. जेवायला बसलेल्या माणसाला दारावरची थाप ऐकू यावी, त्याने ताटावरून उठून दार उघडावे आणि परत येऊन त्याच घासापासून जेवायला लागावे, तसे हे आहे. घटना आणि तिची तजवीज ही जोडी येथे यंत्राच्या पोटात कायमची वस्तीला आली.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन आणि त्यांचे सहकारी यांनी संपूर्ण संगणक स्वतः बांधला. तो १९६० साली काम करू लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. योगायोग असा की, आपल्या नागपुरात विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापनाही १९६० सालचीच. हेच आजचे व्ही. एन. आय. टी. ज्यांनी टिफ्रॅक बांधला, त्यांना त्याच्या आतील प्रत्येक तार माहीत होती. पुढच्या पिढीला मात्र यंत्र बंद डबीत मिळाले. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत गेली कित्येक दशके विद्यार्थ्यांच्या हाती पहिल्यांदा पडते ती इंटेलची १९७६ सालची ‘८०८५’ ही चिप आणि तिच्यासोबत, बहुधा, रमेश गावकर यांचे १९८४ साली प्रथम निघालेले पुस्तक. प्रयोगशाळेतील त्या संचावर आकड्यांच्या कळा असतात, लाल उजेडाचे सहा अंक असतात आणि एकेक आज्ञा पुढे सरकविण्याची कळ असते. बाहेरून दार ठोठावण्यासाठी या चिपेला पाच टोके आहेत. त्यांतले ‘ट्रॅप’ नावाचे टोक असे की, त्याची हाक चिपेला कधीही नाकारता येत नाही. वीज जाणार असल्याची सूचना अशाच टोकाला जोडतात. इतर हाकांना ‘आता नको’ असे म्हणण्याची सोय आहे. कोणती घटना टाळता यावी आणि कोणती टाळता येऊ नये, हा विवेक विद्यार्थी येथे पहिल्यांदा शिकतो.

संच ठीक आहे. पण कारखान्यात बसविलेल्या पट्टीवरची चिप कशी तपासायची? १९७५ च्या सुमारास इंटेलने एक युक्ती काढली. पट्टीवरची चिप खोबणीतून उपटायची आणि तिच्या जागी एका जाड केबलचे टोक बसवायचे. केबलच्या दुसऱ्या टोकाला मोठी पेटी असे. ती पेटी चिपेचे सोंग घेऊन सर्व कामे करी आणि शिवाय प्रत्येक पाऊल टिपून ठेवी. हे उपकरण फार महाग असे आणि ते मोठ्या कंपन्यांनाच परवडे. काही वर्षांत ही युक्तीही थकली. चिपा खोबणीत न बसता थेट डाखल्या जाऊ लागल्या, त्यांचे पाय बारीक होत होत पोटाखाली गेले, आणि वेग इतका वाढला की हातभर केबलमधून खुणा वेळेवर पोहोचेनात. सोंग घेणाऱ्याला मूळ पात्राची चाल साधेना.

सुटका झाली ती अनपेक्षित दिशेने. १९८५ साली काही युरोपीय कंपन्यांतील अभियंत्यांनी एकत्र येऊन एक गट स्थापन केला. त्यांचा प्रश्न साधा होता: पट्टीवरचे डाख नीट बसले की नाही, हे सुया टोचल्याशिवाय कसे तपासावे? उपाय असा निघाला की, प्रत्येक चिपेच्या कडेने खणांची एक साखळी ठेवावी आणि चार तारांवरून त्या साखळीत माहिती सरकवावी व बाहेर काढावी. एक तार आत जाण्याची, एक बाहेर येण्याची, एक ताल धरण्याची आणि एक पुढची अवस्था सांगण्याची. त्या गटाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या योजनेला ‘जेटॅग’ म्हणतात; १९९० साली ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. डाख तपासण्यासाठी केलेले हे दार चिपेच्या थेट अंतःपुरात नेता येईल, हे चिप करणाऱ्यांच्या लवकरच ध्यानी आले. १९९४ च्या सुमारास ब्रिटनच्या ‘आर्म’ कंपनीने आपल्या ‘आर्म ७ टी. डी. एम. आय.’ या गाभ्यात दोष शोधण्याची सामग्री चिपेच्या आतच बसविली. बाहेरची महागडी पेटी आता सिलिकॉनचा एक कोपरा होऊन बसली.

या कोपऱ्यात असतात तरी काय? असतात पहारेकरी. एक पहारेकरी आज्ञेच्या पत्त्यावर नजर ठेवतो: अमुक आज्ञेपाशी आलास की सांग. दुसरा स्मरणाच्या खणावर नजर ठेवतो: या खणात कोणी काही लिहिले की सांग. आर्म ७ मध्ये असे पहारेकरी फक्त दोन होते. २००४ साली आलेल्या ‘कॉर्टेक्स एम ३’ या गाभ्यात आज्ञांसाठी सहा आणि खणांसाठी चार एवढी तरतूद होऊ शकते. लाखो आज्ञांच्या गावाला दहा शिपाई! म्हणजे कोठे उभे करायचे, याचा विचार आधी करावा लागतो. या दारिद्र्यामुळेच दोष शोधणाऱ्याला अनुमान बांधण्याची शिस्त लागते: चोर कोणत्या गल्लीने येईल, याविषयी मत नसेल तर शिपाई कोठे ठेवणार?

पहारेकऱ्याने वर्दी दिल्यावर पुढे काय, हा तजविजीचा भाग होय. तो चिपेबाहेर, अभियंत्याच्या टेबलावरील संगणकात चालतो. येथे आम्ही एका सॉफ्टवेअरचे नाव घेतो, कारण ते कोणालाही विनामूल्य मिळते व त्याचे अंतरंग खुले आहे. २००५ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे डॉमिनिक राथ या विद्यार्थ्याने आपल्या पदविकेच्या प्रबंधासाठी ‘ओपन ओ. सी. डी.’ लिहिले, पुढे जगभरच्या लोकांनी ते वाढविले. नागपुरातील विद्यार्थी काही शे रुपयांचा एक जोडक घेऊन, हे सॉफ्टवेअर चालवून, एकेकाळी लाखमोलाच्या पेट्या जे करीत ते आज आपल्या खोलीत करू शकतो. गेल्या पन्नास वर्षांतील हा बदल आम्हाला लहान वाटत नाही.

या सॉफ्टवेअरमध्ये तजविजी एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवतात. घटनेचे नाव लिहायचे आणि महिरपी कंसात, ती घडली की काय करायचे, ते क्रमाने लिहायचे. घटना ठरलेल्या आहेत. ‘रीसेट-स्टार्ट’, म्हणजे चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्यास आरंभ होताच. ‘रीसेट-इनिट’, म्हणजे ती सुरू होऊन पहिल्याच आज्ञेपाशी थांबवली गेल्यावर. येथे चिपेचे घड्याळ योग्य वेगावर आणणे, बाहेरचे स्मरण जागे करणे, अशी अंथरूण-पांघरूण घालण्याची कामे करून ठेवतात. ‘हॉल्टेड’, म्हणजे गाभा थांबला तेव्हा. ‘रिझ्यूम्ड’, म्हणजे पुन्हा चालू लागला तेव्हा. आणि ‘जीडीबी-अटॅच’, म्हणजे ‘जीडीबी’ हे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेले दोषशोधक जोडले जात असताना.

यात नवख्याला दोन खाचखळगे हमखास लागतात. एक असा की, ‘रीसेट-इनिट’ची तजवीज त्या विशिष्ट आज्ञेनेच रीसेट केले तर चालते, चिप नुसती सुरू करून सोडून दिली, तर चालत नाही. मग स्मरण जागे का झाले नाही म्हणून माणूस दिवसभर डोके धरून बसतो. दुसरा असा की, एकाच घटनेसाठी दोनदा तजवीज लिहिली, तर दोन्ही चालत नाहीत. नंतरची आधीचीला पुसून टाकते. मृत्युपत्राप्रमाणे येथेही शेवटचा कागद तेवढा खरा! चिप बनविणाऱ्याने दिलेल्या फायलीत आधीच काही तजवीज असेल आणि आपण तीच घटना पुन्हा लिहिली, तर त्याची जुनी काळजी नकळत रद्द होते. म्हणून आधीचे वाचून मगच नवे लिहावे, हा नियम येथेही लागू आहे.

परंतु खरा पेच याच्याही पुढे आहे. ‘जीडीबी’ जोडले जाताना त्याची अपेक्षा असते की गाभा थांबलेला असावा, आणि ओपन ओ. सी. डी. काही न सांगता तो थांबविते. म्हणजे पाहायला येणाऱ्याच्या नुसत्या येण्यानेच घरातले काम थांबते. टेबलावरच्या दिव्याचा प्रयोग असेल, तर यात बिघडत नाही. पण समजा, वर्ध्याकडच्या एखाद्या शेतावर सौरपंपाचा नियंत्रक चालू आहे. त्यातील चिप मोटारीला जाणारी वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते आणि प्रत्येक वेळी किती काळ चालू ठेवायची याचे माप बदलत जाते. गाभा मध्येच थांबविला, तर माप बदलणारा हात थांबला. पण चालू-बंद करणारे गणित्र स्वतंत्र असल्याने ते शेवटच्याच मापाने रेटत राहते. प्रवाह चढत जातो आणि महागडे भाग डोळ्यांदेखत जळू शकतात. दोष शोधायला गेलो आणि यंत्रच गमावून बसलो, असे होते.

यावर कोणी म्हणेल, ‘हॉल्टेड’ या घटनेच्या तजविजीत गणित्र बंद करण्याची आज्ञा लिहून ठेवा, म्हणजे झाले. हे उत्तर अपुरे आहे. टेबलावरील संगणक चिपेला थोड्या थोड्या वेळाने विचारीत असतो की, तू थांबलीस का? त्याला कळून, त्याची आज्ञा चार तारांवरून परत येईपर्यंत कित्येक मिलिसेकंद उलटतात, आणि जळायला त्याहून कमी वेळ पुरतो. म्हणून अशा चिपांत स्वतंत्र नोंदी ठेवलेल्या असतात: गाभा थांबला की अमुक गणित्र त्याच क्षणी गोठवावे. ही नोंद आधीच, यंत्र शांत असताना, भरून ठेवायची. एम्प्रेस मिलच्या मागाचा काटा मागावरच होता; व्यवस्थापकाच्या कचेरीत बसविला असता तर त्याचा काय उपयोग होता? घटनेची तजवीज घटनेच्या जवळ असावी आणि तिच्या वेगाला पुरी पडावी, हा या विद्येतील पहिला धडा होय.

‘वॉचडॉग’ नावाच्या राखणदाराचे असेच आहे. हे एक उलटे चालणारे घड्याळ असते. कार्यक्रम ठीक चालू असेल, तर तो ठराविक वेळाने त्याला थोपटतो. थोपटणे चुकले, तर काही तरी बिनसले असे समजून राखणदार सारी चिप पुन्हा सुरू करतो. आता अभियंत्याने तपासणीसाठी गाभा थांबविला की थोपटणेही थांबते, राखणदार आपले कर्तव्य बजावतो, चिप पुन्हा सुरू होते आणि हाती आलेला पुरावा पुसला जातो. म्हणून तपासणीपुरते राखणदारालाही गोठवावे लागते. आणि काम संपल्यावर पुन्हा मोकळे करण्याचे विसरून चालत नाही.

काही दोष असे असतात की, तेथे थांबविणे हा उपायच नव्हे. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांनी त्याचा संगणक अधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाची नोंद घेणारे एक कमी महत्त्वाचे काम एका सामाईक कुलपाची किल्ली हाती धरून बसे. मधले एक काम त्याला पुढे सरकू देत नसे. आणि सर्वांत महत्त्वाचे काम किल्लीची वाट पाहत खोळंबून राही. वेळ टळली की राखणदार सर्वांना झोपेतून उठवी. मंगळावरील यंत्राला थांबवून आत पाहणे शक्य नव्हते. पण यानाच्या कार्यक्रमात घटना टिपणारी सामग्री अभियंत्यांनी उड्डाणापूर्वी काढून टाकली नव्हती. त्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर टिपणे चालू ठेवून तीच परिस्थिती पुन्हा आणली, कारण सापडले आणि दुरुस्ती रेडिओने मंगळावर पाठविली.

मंगळ तर दूरच राहिला. आपल्या मे महिन्याच्या दुपारी हीच पाळी येते. समजा, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात खांबावर टांगलेले एखादे यंत्र दुपारी तीनच्या सुमारास कधीतरीच चुकते आणि प्रयोगशाळेच्या थंडाव्यात एकदाही चुकत नाही. तेथे शिडी लावून कोण किती दिवस बसणार? अशा वेळी यंत्रात पहारेकरी बसवून सांगून ठेवायचे की, अमुक खणात अमुक मर्यादेबाहेरचा आकडा आला, तर थांबू नकोस; वेळ, तापमान आणि मागची काही पावले लिहून ठेव आणि काम चालू दे. दोन महिन्यांनी ती वही उघडली, म्हणजे दोष आपल्या अक्षरात सही करून गेलेला दिसतो.

तात्पर्य, तजवीज तीन प्रकारची असू शकते: थांब, टिप आणि जाऊ दे. कोणत्या घटनेला कोणती द्यायची, हे ठरविणे म्हणजेच ही सारी विद्या. नवखा अभियंता प्रत्येक घटनेला ‘थांब’ म्हणतो आणि कामच करू शकत नाही; निष्काळजी अभियंता प्रत्येक घटनेला ‘जाऊ दे’ म्हणतो आणि दोष लोकांच्या घरात नेऊन ठेवतो. जाणता अभियंता आधी विचारतो की, त्या क्षणी यंत्राला कोण चिकटलेले असेल. मोटार असेल, की रुग्ण असेल, की नुसता दिवा? सॉफ्टवेअरच्या त्या दोन ओळींच्या कंसात असे हे माणसाविषयीचे उत्तर लिहिलेले असते. कारागीर घरी गेल्यावरही त्याचा निर्णय चालत राहतो, आणि त्याचे बरेवाईट दुसऱ्याच कोणाच्या पदरात पडते.

या दाराला आणखी एक बाजू आहे. ज्या चार तारांवरून वैद्य आत जातो, त्याच तारांवरून चोरही जाऊ शकतो. म्हणून विक्रीला जाणाऱ्या यंत्रांत हे दार पुष्कळदा कायमचे बंद करतात. ते योग्यही आहे. विजेचे मीटर कोणीही उघडून आकडे फिरवावेत, हे कोणाला चालेल? पण त्याचा दुसरा अर्थ असा की, ज्याच्याजवळ किल्ली, त्याच्याजवळ ज्ञान. चिप परदेशी, तिचे दार परदेशी, तिची किल्लीही परदेशी असेल, तर आपण त्या यंत्राचे मालक नसून भाडेकरू ठरतो. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेला ‘अजित’ हा प्रोसेसर आणि मद्रासच्या आय. आय. टी. चा ‘शक्ती’ यांचे महत्त्व आम्हाला या बाजूने वाटते. ‘शक्ती’ ज्या खुल्या ‘रिस्क-फाइव्ह’ पद्धतीवर आधारला आहे, तिच्या दोष शोधण्याच्या दाराचे नियमही छापील व खुले आहेत. आत कोणते पहारेकरी आहेत हे कोणालाही वाचता येते.

आपल्या नागपुरात आज मिहानमध्ये मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालये आहेत, अभियांत्रिकीची अनेक महाविद्यालये आहेत आणि दरवर्षी तेथून तरुण मंडळी बाहेर पडतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना कार्यक्रम लिहिणे शिकविलेले असते. चालत्या यंत्राच्या पोटात पाहणे मात्र थोड्यांनाच शिकविलेले असते. ही उणीव दूर करायला इमारत लागत नाही. एक स्वस्त चिप, एक जोडक, खुले सॉफ्टवेअर आणि चुकत्या यंत्रासमोर चिकाटीने बसणारा एक शिक्षक एवढे पुरे. त्या शिक्षकाने पहिल्या दिवशी मुलांना दिवा लुकलुकवायला लावण्याआधी एक प्रश्न विचारावा: हे यंत्र चुकेल तेव्हा तुम्ही तेथे नसाल, मग आज त्याला काय सांगून ठेवाल? या प्रश्नावर विचार करायची सवय ज्यांना लागेल, त्यांच्या हातची यंत्रे आपल्या शेतांत, दवाखान्यांत आणि घरांत निर्धास्तपणे ठेवता येतील.